बोअरची मोटर जळाली आणि वर्षभर किट लेन्सवरच काढलं

माझं अंबाजोगाईत कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं खत औषधं असलं सगळं. कॅमेरा घ्यायचं कारण फोटोग्राफीचा नाद नव्हता, कारण होतं अळी. शेतकरी दुकानात येतात, मोबाईल पुढं करतात, "बघा की हे काय पडलंय", आणि त्या फोटोत हिरवं सोडून काहीच धड दिसत नाही. आता त्याच्यावरून औषध कसं द्यायचं, चुकीचं गेलं तर त्या माणसाचे हजार-दीड हजार पाण्यात आणि तोवर पीक खाल्लं जातं ते वेगळंच. म्हणून मनात आलं की आपणच बांधावर जाऊन नीट फोटो काढावेत, हरभऱ्यावरची घाटेअळी, सोयाबीनवरचा चक्रीभुंगा, कापसातली गुलाबी बोंडअळी, आणि दुकानात एक फाईल करून ठेवावी, माणसानं बोट ठेवून सांगावं की हीच हाय.

दिवाळीत कॅनन 1500डी घेतला, सोबत बॉक्समध्ये येते ती 18-55 ची किट लेन्स, म्हणजे 18 ला समोरचं रुंद सगळं बसतं आणि झूम करून 55 ला नेलं की लांबचं जवळ दिसतं. दुकानदार म्हणाला अजून एक लेन्स घ्या, ही नुसती सुरुवातीपुरती आहे, पण तेवढा जोर नव्हता खिशात. तर हा सगळा अनुभव त्या एका लेन्सवर काढलेल्या वर्षाचा आहे. कामून की नवीन कॅमेरा घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, किट लेन्स पुरंल का, आणि उत्तर देणारे बहुतेक जण ती कधीच सोडून पुढं गेलेले असतात.

पहिलाच झटका घरात बसला. धाकट्या भावाच्या पोरीचं बारसं, माजघरात, संध्याकाळी, वर एक ट्यूबलाईट. पाळण्याभोवती बायका, पाळणा म्हणायलेत, मी मागं उभं राहून झूम पूर्ण 55 ला नेऊन खटाखट फोटो काढतोय, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बरे दिसले. रात्री कॉम्प्युटरवर टाकले तर एकही कामाचा नाही. पाळणा हललेला, हात हललेले, आईच्या चेहऱ्याला दोन-दोन कडा. पोरगी तर नुसता पांढरा धब्बा. लै वाईट वाटलं, कारण बारसं काही परत होत नाही.

भाचा पुण्याहून आला होता, इंजिनिअरिंगला आहे, त्यानं फोटो बघितले आणि म्हणाला, "मामा, किट लेन्स म्हणजे डबा असतो, विकून टाका, 50 एमएमची 1.8 घ्या." मला पटलं. झूम नसलेली पण तोंड मोठं उघडून जास्त उजेड घेणारी, नऊ-दहा हजाराची लेन्स, दोन महिन्यात पैसे बाजूला काढले पण. आणि तेवढ्यात शेतातल्या बोअरची मोटर जळाली, हरभरा पाण्याला आलेला, ते पैसे मोटर वर काढायला आणि रिवायंडिंगला गेले. म्हणजे मी काही ठरवून किट लेन्सवर राहिलो नाही, राहावं लागलं. पण राहावं लागलं म्हणूनच बारशाचे ते खराब फोटो एकेक उघडून बघितले, की नेमकं चुकलं काय.

फोटोच्या आतच सगळं लिहिलेलं असतं, राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. माझे सगळे फोटो 55 ला, एफ 5.6 (लेन्सचं तोंड किती उघडलं ते, आकडा लहान तेवढं तोंड मोठं), आयएसओ 400 (आकडा वाढवला की कमी उजेडात पण फोटो उजळ येतो), शटर एक तेरांश सेकंद (तेवढा वेळ उजेड आत येतो). आता एक तेरांश सेकंदात पाळणा किती हलतो, बायकांचे हात किती हलतात! मी आयएसओ 400 च्या वर न्यायला घाबरत होतो, कुणीतरी डोक्यात भरवलं होतं की वर नेलं की फोटोत दाणे येतात. येतात, खोटं नाही. पण 400 चा 3200 केला असता तर त्याच उजेडात शटर एक शतांश सेकंदापर्यंत गेलं असतं, आणि थोडा दाणेदार पण स्पष्ट फोटो हा गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा हजारपट बरा. दुसरं म्हणजे ही लेन्स 18 ला असताना तिचं तोंड एफ 3.5 पर्यंत उघडतं, आणि झूम करत 55 ला नेलं की आपोआप 5.6 वर येतं, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी होतो. मी मागं उभं राहून झूम करत होतो त्याच्याऐवजी पाळण्याजवळ जाऊन 18-20 ला काढले असते तर अजून फायदा झाला असता. लेन्सच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं होतं, पण ह्यात लेन्सची चूक थोडी आणि माझी जास्त होती.

आणि लेन्सवर जे आयएस लिहिलेलं असतं, स्टॅबिलायझर, निकॉनवाले त्याला व्हीआर म्हणतात, ते आपल्या हाताचं हलणं सावरतं, समोरच्या माणसाचं नाही. ही साधी गोष्ट मला बारसं घालवून कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई दारात तांदूळ निवडत बसली होती, कोवळा उजेड अंगणातून तिच्या एका गालावर येत होता आणि तिच्या मागं घरातला अंधार. तीच लेन्स, तेच 55, तेच एफ 5.6. फक्त मी जवळ होतो आणि मागची भिंत लांब होती. पाठीमागचं सगळं मऊ होऊन गेलं, आईच्या सुरकुत्या आणि सुपातला तांदूळ तेवढा लख्ख. लोक म्हणतात किट लेन्सनं मागचं धूसर होत नाही, होतं की, 55 ला जा, माणसाच्या जवळ जा आणि माणसाला भिंतीपासून लांब बसवा. 1.8 सारखं लोण्यासारखं होणार नाही, पण चेहरा उठून येतो.

मग हरभऱ्याचं काम सुरू केलं आणि इथं तर मला लेन्सनं चकितच केलं. घाटेअळी घाट्यात तोंड घालून बसलेली असते, अर्धी आत अर्धी बाहेर. ही लेन्स 25 सेंटिमीटरपर्यंत फोकस घेते, आणि हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नाही तर कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून, म्हणजे आत ज्याच्यावर फोटो उमटतो तिथून मोजायचं, म्हणजे प्रत्यक्षात अळी लेन्सच्या तोंडापासून वीतभर पण लांब नसते. 55 ला नेऊन एवढ्या जवळून काढलं की वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या साधारण एक तृतीयांश पडते. भाचा म्हणत होता ती 50 ची लेन्स 35 सेंटिमीटरच्या आत फोकसच घेत नाही, एक पंचमांशावरच थांबते. म्हणजे माझ्या कामाला, अळीला, डबा म्हणलेली लेन्सच जास्त उपयोगाची! हे कुणी सांगितलंच नव्हतं. मोटर जळाली नसती तर मी किट विकून 50 घेतली असती आणि ज्या कामासाठी कॅमेरा घेतला तेच काम अडलं असतं.

अळीचे फोटो काढताना एफ 8 ते 11 ठेवायचो, सकाळी आठ-नऊचा उजेड, वारा सुटायच्या आत. वारा सुटला की डहाळी हलते आणि संपलं. एका हातानं डहाळी धरायची, दुसऱ्या हातात कॅमेरा, फोकस मॅन्युअलवर टाकून आपणच इंचभर पुढं-मागं व्हायचं, अळीचं डोकं स्पष्ट दिसलं की दाबायचं. दहातले दोन जमायचे सुरुवातीला. पण त्या दोनात तिच्या अंगावरच्या बारीक केसांपर्यंत दिसायचं. दुकानात फाईल उघडली की आता शेतकरी स्वतःच म्हणतो, "ही न्हाई, ती पलीकडची."

मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला गेलो, नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ, खंडोबाची यात्रा. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी जनावरं, देवणी बैल, डोळ्याचं पारणं फिटतं. दुपारचं कडक ऊन, एफ 8 वर 18 ते 55 मधलं काहीही घ्या, किट लेन्स आणि महागडी लेन्स ह्यात मला तरी फरक सांगता आला नसता. गर्दीत घुसून 18 ला घोड्याच्या तोंडाशी, लगेच फिरून 55 ला फेट्याखालचा म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा चेहरा, एका मनगटाच्या वळशात. आणि तिथं भंडारा उधळतात, येळकोट येळकोट जय मल्हारच्या गजरात सगळं आभाळ पिवळं. माझ्या शेजारी एक पोरगा दोन लेन्स घेऊन आला होता, त्या भंडाऱ्यात आणि धुळीत तो लेन्स काढून दुसरी बसवत होता, मला बघवेना. बारीक हळद आत सेन्सरवर बसली तर प्रत्येक फोटोत डाग. नवशिक्या माणसाला यात्रेत, उरुसात, पोळ्याला एकच झूम लेन्स लावून फिरणं किती सोयीचं आहे हे त्या दिवशी कळलं. ही लेन्स 200 ग्रॅमची, गळ्यात दिवसभर असली तरी मान दुखत नाही.

सगळं गोड गोड सांगत नाही. माघात पैठणला नाथसागरावर गेलो, रोहित पक्षी आले होते. पहाटे कडाक्याच्या थंडीत काठावर बसलो आणि 55 ला फोटो काढले तर पक्षी चवळीच्या दाण्याएवढे. पुढं जावं तर ते उडतात, आणि पक्ष्यांना उठवून फोटो काढणं मला बरोबर पण वाटत नाही. इथं किट लेन्स पुरत नाही, विषयच संपला. 55-250 ची लेन्स असती तरी पक्षी साडेचार पट मोठा दिसला असता, आणि खरे पक्षीवाले तर 400-600 च्या खाली बोलत नाहीत. मी मग पक्ष्यांचा नाद सोडून 18 ला पाणी, धुकं आणि मासेमारीचे तराफे घेतले, ते फोटो आजही आवडतात. पाण्याची चमक मारायला पोलरायझर फिल्टर नेला होता, तिथं अजून एक शिकलो. ह्या लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं, त्यामुळं फिल्टर आधी जुळवून ठेवला तर फोकस घेताना परत बिघडतो. आधी फोकस, मग फिल्टर. आणि ऑटोफोकस चालू असताना ते तोंड हातानं फिरवायचं नाही, आत बारीक गिअर असतात.

श्रावणात वेरूळला गेलो. जाणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवा, वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. कैलास लेणं, 16 नंबरचं, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळातलं, डोंगर वरून खाली कोरत आणलेला. आत सभामंडपात गेलं की डोळ्याला अंधार सरावायला वेळ लागतो. ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही, फ्लॅश मारायचा नाही. मला बारसं आठवलं, पोटात गोळा आला. पण इथं समोर दगड. दगड हलत नाही! 18 ला गेलो, एफ 3.5, आयएसओ 800, शटर एक अष्टमांश सेकंद, म्हणजे बारशापेक्षाही सावकाश. कोपरं बरगडीला टेकवली, श्वास सोडला, हळूच दाबलं, एकाला तीन फोटो काढले. तीनात एक तरी लख्ख यायचाच, खांबावरची नक्षी, छिन्नीच्या खुणा सगळं. स्टॅबिलायझरनं हात सावरला आणि समोरचं काही हलतच नव्हतं. जी लेन्स माजघरात हरली तीच लेन्स त्याच्याहून कमी शटरवर कैलासात जिंकली. अंधारात लेन्स चालते का हा प्रश्नच अर्धवट आहे, अंधारात काय काढायचं आहे ते आधी विचारायला पाहिजे.

अंगणात उभं राहून मात्र पूर्ण कैलास 18 मध्ये पण बसत नाही. कॅननच्या ह्या छोट्या सेन्सरवर 18 म्हणजे फुल फ्रेमच्या, मोठ्या सेन्सरवाल्या कॅमेऱ्याच्या, 29 सारखं पडतं. डोंगराच्या वरच्या वाटेनं गेलो, पावसानं निसरडं झालं होतं, जपून गेलो, आणि वरून 18-20 ला सगळं देऊळ कळसासकट खाली पसरलेलं. एक अजून, उघड्या तोंडावर, 3.5 ला, फोटोचे कोपरे थोडे मऊ येतात, एफ 8 ला आणलं की कोपरे पण सुधारतात. बाहेर उजेड होता म्हणून वरचा फोटो 8 वर काढला. आत तशी चैन नव्हती.

मधेच आईचा तो तांदळाचा फोटो लातूरला मोठा करून आणला, 12 बाय 18 इंच. कॅमेरा 6000 बाय 4000 पिक्सेलचा फोटो देतो, 18 इंचाला इंचामागं 333 पिक्सेल पडतात, छापायला 300 पुष्कळ झाले. लॅबवाल्यानं विचारलं पण नाही कोणत्या लेन्सचा, त्यानं विचारलं "आई का तुमची?" आता तो फोटो दुकानात गल्ल्याच्या मागं आहे.

परत दिवाळी आली तेव्हा लेन्सचे पैसे पुन्हा जमले होते. ह्यावेळी भाच्याला विचारलं नाही, फोटोंना विचारलं. वर्षभराचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले, कॉम्प्युटरमध्ये फोकल लेंथचा, म्हणजे ह्या 18-55 च्या आकड्यांचा, कॉलम लावला आणि त्याप्रमाणं लावून बघितले. निम्म्याहून जास्त एकतर 18 ला नाहीतर 55 ला, मधले थोडे. 18 चे बहुतेक चांगले, म्हणजे तिकडं काही कमी नाही. 55 चे दोन ढीग पडले, एक शेतातले अळ्या-भुंग्यांचे, ते झकास, आणि दुसरा घरातले, देवळातले, कीर्तनातले माणसांचे, ते निम्मे हललेले. पक्ष्यांचा फक्त एक दिवस, त्याच्यासाठी 55-250 घेणं म्हणजे घरात नुसतं ठेवणं. कुणाच्या फोल्डरमध्ये पक्ष्यांचाच ढीग निघाला असता तर त्यानं तीच घ्यायला पाहिजे. म्हणून माझा सगळ्या नवीन घेणाऱ्यांना आग्रह आहे, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवीन पद्धतीचा कॅमेरा घेतला तरी, त्याची 18-45 असो नाहीतर 16-50 असो, पहिले चार-सहा महिने त्याच्यावरच काढा आणि मग असे ढीग करून बघा, कुठला ढीग खराब निघतो ते. मिररलेसच्या काही किट लेन्स तर 55 वाल्यापेक्षाही लहान तोंडाच्या आहेत, 6.3 पर्यंत जातात, त्यामुळं आयएसओला घाबरायचं आधी सोडा.

तर शेवटी 50 ची 1.8 घेतली. 5.6 च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड आत घेते. आणि पहिल्यांदा वापरली ती त्याच माजघरात, त्याच ट्यूबलाईटखाली, पुतणीच्या पहिल्या वाढदिवसाला. एफ 2, आयएसओ 800, शटर एक दोनशांश सेकंद. पोरगी रांगत होती, केकमध्ये हात घालत होती, सगळं थांबल्यासारखं स्पष्ट आलं. आईनं तिला उचलून घेतलं तो फोटो बघून भावजयीच्या डोळ्यात पाणी आलं, ती म्हणाली, "दादा, बारशाला असा निघाला असता तर." मला पण तेच वाटत होतं, पण आता मला माहीत आहे की बारशाला पण बराच जमला असता, आयएसओ वर नेला असता तर. 1.8 वर पूर्ण उघडून जवळून काढला तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर असं पण झालं दोन-तीनदा, म्हणून 2.5 वर आलो.

मग सगळे म्हणाले आता एक सगळ्यांचा. 50 ही ह्या कॅमेऱ्यावर 80 सारखी पडते, मी भिंतीला पाठ टेकवली तरी आई, पोरगी आणि एक काकू एवढेच बसायले. बॅगेतून किट काढली, लावली, 18 वर आणली, आयएसओ 3200 केला. सगळ्यांना म्हणलं पाळण्याच्या कडीखाली या, उंबऱ्याबाहेर कुणी राहू नका. सतरा माणसं बसली.